भजनातनं तुला मिळतंय काय, काका?

मागच्या एकादशीची गोष्ट. रात्री साडेअकराला देवळातनं घरी आलो, पाऊस लागला होता म्हणून मृदंग जुन्या धोतरात गुंडाळून आणलेला, आणि पडवीत बसून डाव्या पुडीची, म्हणजे डाव्या तोंडाच्या चामड्याला आवाज घुमावा म्हणून लावलेली, कणिक नखानं खरवडत होतो. खरं तर ती तिथंच ओली असताना काढायची असते, वाळली की पापुद्रे धरते आणि चामडं खराब होतं, पण पावसानं गडबड झाली. पुतण्या तिथंच लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेला, हेडफोन एका कानावर, दुसरा कान मोकळा. माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि म्हणतो, "काका, सकाळी सातची शिफ्ट हाय की तुझी. खरं सांग, ह्या भजनातनं तुला मिळतंय काय?"

बेळगावजवळ खानापूर रोडला आमचं गाव, मी कामाला उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये, आणि गावच्या भजनी मंडळात मृदंग वाजवायला लागून बावीस वर्षं झाली. बावीस वर्षात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मीही मला विचारला नव्हता. "आवडतंय रे," म्हटलं आणि गप बसलो. ते उत्तर नव्हतं हे त्यालाही कळलं. आवडतं तर मला क्रिकेटपण, पण मॅच बघायला म्हणून मी कधी पावसातनं बारा-पंधरा किलोचं ओझं पोटाशी धरून चालत गेलेलो नाही.

मग मी त्याला उलटा टाकला. तू रात्र रात्र बसून ते बीट बनवतोस, तुला काय मिळतंय? "व्ह्यूज," म्हणाला. किती? "दोनशे चौदा." त्यातले दीडशे तरी तूच बघितले असशील म्हटल्यावर हसला, पण त्यालाही पुढं बोलता येईना. म्हणजे घरात दोन माणसं, दोघंही झोप मोडून संगीत करतात आणि का करतात ते दोघांनाही माहीत नाही.

तेव्हापासून ह्या विषयावर मिळेल ते वाचत सुटलोय. ह्यावर लोकांनी चक्क प्रयोग केलेत, पन्नास वर्षांपासून करतायत, आणि त्यातलं बरंच आमच्या मंडळाला असं काही लागू पडतं की वाचताना मला मध्येच पुस्तक बंद करून बसायला लागलं. तर ते सगळं माझ्या भाषेत सांगतो. मी काय मानसशास्त्राचा माणूस नव्हे, लेथवरचा माणूस आहे, त्यामुळं शब्द जड वापरणार नाही, मला यायचे पण नाहीत.

सगळ्यात आधी एक साधी विभागणी. माणूस कुठलीही गोष्ट करतो त्याची कारणं दोन ठिकाणची असतात, आतली आणि बाहेरची. बाहेरची म्हणजे पैसा, बक्षीस, नाव, टाळ्या, बापाची भीती. आतली म्हणजे ती गोष्ट करण्यातच मजा आहे म्हणून. वाटतं असं की दोन्ही असली तर चांगलंच की, आवडीचं कामही आणि वर पैसेही, दुधात साखर. पण १९७१ मध्ये एडवर्ड डेसी नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं कॉलेजच्या पोरांवर एक प्रयोग केला आणि साखरेनं दूध नासू शकतं असं निघालं. पोरांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. काहींना मध्ये एकदा प्रत्येक कोड्यामागं एक डॉलर दिला, काहींना काहीच नाही. पुढच्या वेळी डॉलर बंद. मग तो काहीतरी निमित्त काढून खोलीबाहेर जायचा, खोलीत मासिकं ठेवलेली, आणि बाहेरून बघायचं की आता कोण सांगत नसताना पोरं कोड्याला हात लावतात का. पैसे मिळालेली पोरं आधीपेक्षा कमी वेळ लावायला लागली. कोडं तेच, पोरं तीच, पण एकदा ते 'पैशाचं काम' झालं की पैसे थांबल्यावर काम थांबलं.

त्यानंतर दोन वर्षांनी, १९७३ मध्ये, स्टॅनफर्डला मार्क लेपर आणि त्याच्या सोबत्यांनी हेच बालवाडीच्या पोरांवर करून बघितलं. तीन ते पाच वर्षांची पोरं, ज्यांना स्केचपेननं चित्र काढायला मुळातच आवडायचं अशीच निवडलेली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर तुला सोनेरी शिक्का आणि रिबिन लावलेलं सर्टिफिकेट देणार. काहींना काही न सांगता नंतर अचानक दिलं. काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात नुसते पेन ठेवले. सर्टिफिकेटच्या बोलीवर चित्र काढलेली पोरं आता बाकीच्यांच्या निम्माच वेळ पेनाला हात लावत होती. आणि इथं गंमत बघा, ज्यांना अचानक दिलं त्यांचं काही बिघडलं नव्हतं. म्हणजे बक्षीस वाईट नव्हे, बक्षिसाची आधी ठरलेली बोली वाईट.

इथं मी पुस्तक बंद केलं, कारण आमच्या मंडळाचं तेच झालंय.

आमचं मंडळ म्हणजे पंधरा-सोळा टाळकरी, एक पेटी, एक मृदंग आणि वीणेला तात्या. एकादशीला भजन, कार्तिकात पहाटे काकड आरती, वर्षातनं एकदा सप्ताह. तात्यांचा आवाज पत्र्यावर खडे ओतल्यासारखा, पट्टी काळी दोन धरली तर हे पांढरी तीनमध्ये हिंडून येणार, पण त्यांना हजारभर अभंग पाठ, त्यामुळं कुणी काही बोलायचं नाही. मग कुणीतरी एक भजन स्पर्धेचं पत्रक आणलं. गेलो, आणि पहिल्याच वर्षी दुसरा नंबर आला, पाच हजार रुपये आणि एक शील्ड. गावात मिरवणूक काढली आमची, खोटं नाही सांगत, जीपमधनं.

पुढच्या वर्षीपासून सगळी तालीम स्पर्धेसाठी. वेळ बारा मिनिटं, म्हणून तीनच अभंग, तेच तीन अभंग, चार महिने. सगळ्यांना एकसारखे सदरे शिवले. परीक्षकाला आवडतं म्हणून मध्ये शास्त्रीय तान घालायची, ती आमच्या पेटीवाल्याला धड यायची नाही. आणि तात्यांना सांगितलं की तुम्ही मागच्या ओळीत बसा आणि जरा बारीक आवाजात म्हणा. सांगणारा मीच होतो. तात्या काही बोलले नाहीत, मागं जाऊन बसले. तीन वर्षं बक्षिसं आली. मग करोनात स्पर्धा बंद पडल्या आणि सगळं उघडल्यावर एकादशीला देवळात किती माणसं आली असतील? चार. त्यातले एक तात्या, आणि पुन्हा पुढच्या ओळीत. सोळा माणसं स्पर्धेच्या आधी वीस वर्षं फुकट येत होती, कुणी बोलावत नव्हतं तरी येत होती. आता बक्षीस नाही म्हटल्यावर त्यांना यायला कारणच सापडेना. आम्ही तेव्हा म्हणायचो की मोबाईलनं वाट लावली, माणसं आळशी झाली. बालवाडीच्या पोरांचं वाचल्यावर कळलं की वाट आम्हीच लावली होती, सोनेरी शिक्का लावून.

पण लगेच 'पैशासाठी कला करणं पाप' असं म्हणणाऱ्यांच्या रांगेत मला बसवू नका. ते बोलणं मला अजिबात खपत नाही. ज्याला महिन्याला पगार येतो त्यानं हे बोलणं सोपं आहे, मीपण त्यातलाच. आमच्या भागात लग्नात सनई वाजवणारी, वरातीला हलगी वाजवणारी घराणी आहेत, त्यांच्यात बापानं वाजवलं म्हणून पोरानं वाजवलं, जातीनं वाट्याला आलं म्हणून वाजवलं, नाही वाजवलं तर गावानं विचारलं असतं. त्यांना 'आतून आनंद होतो का' असं विचारणारा मी कोण. आणि तरी त्यातलाच एखादा वरात संपल्यावर, पैसे मोजून खिशात घातल्यावर, गवताची काडी पेटवून पुन्हा हलगी शेकतो आणि पाच मिनिटं स्वतःसाठी वाजवतो ते मी डोळ्यानं बघितलंय. पोटाचं कारण आणि आतलं कारण एकाच हातात असू शकतं.

दुसरं टोकही आमच्याच जिल्ह्यात आहे. सौंदत्तीला यल्लम्माचा डोंगर. काखेत चौंडकं धरून एका तारेवर गाणारे जोगती-जोगतिणी इकडं कुणी बघितले नाहीत असं होत नाही. त्या तारेचा आवाज ऐकला की अंगावर काटा येतो, पण ते गाणं कित्येकींच्या वाट्याला कसं आलं? लहानपणी देवीला सोडलं म्हणून. ती सोडण्याची पद्धत बंद करायला कर्नाटकात १९८२ मध्ये कायदा करावा लागला. गाणं सुंदर असेल, पण गाणारीनं ते निवडलेलं नव्हतं. म्हणून कुणी 'संगीत म्हणजे आत्म्याची हाक' वगैरे लिहायला लागलं की मी जरा सावध होतो. कुणाच्या आत्म्याची आणि कुणी मारलेली हाक, हे आधी विचारायला पाहिजे.

निवडण्याचा हाच मुद्दा डेसी आणि त्याचा जोडीदार रिचर्ड रायन ह्यांनी पुढं पकडला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की माणूस एखाद्या गोष्टीत टिकतो तो तीन गरजा भागल्या तर. एक, हे मी माझ्या मनानं करतोय असं वाटलं पाहिजे. दोन, मला हे जमतंय, हळूहळू जास्त जमतंय असं वाटलं पाहिजे. तीन, ह्यात माझी माणसं आहेत असं वाटलं पाहिजे. आमची स्पर्धा ह्याच्यावर ठेवून बघा. अभंग परीक्षकानं ठरवले, मनाचं गेलं. तात्यांना मागं बसवलं, माणसं गेली. राहिलं फक्त जमणं, आणि तेही नंबरावर मोजलेलं.

जमण्याबद्दल मात्र थोडं थांबून सांगतो, कारण वाजवणाऱ्याला खरी नशा तिथली असते. हंगेरीकडचा एक माणूस, मिहाय चिक्सेंटमिहाय, शिकागोला प्राध्यापक होता. डोंगर चढणारे, बुद्धिबळ खेळणारे, संगीत करणारे, अशा लोकांना त्यानं विचारलं की तुम्ही हे का करता, पैसे तर नाहीत. सगळ्यांनी एकच काहीतरी सांगितलं: त्यात असताना वेळ कळत नाही, मी कोण ते आठवत नाही, हात आपोआप चालतो. ह्याला त्यानं प्रवाह असं नाव दिलं, १९७५ मध्ये. आणि कधी लागतो हा प्रवाह? काम तुमच्या ताकदीपेक्षा किंचित अवघड असेल तेव्हा. फार सोपं असलं की कंटाळा, फार अवघड असलं की भीती, दोन्हीच्या मधली बारीक पट्टी.

मृदंगावर मला ती पट्टी नेमकी कुठं असते ते सांगता येतं. आठ मात्रांचा भजनी ठेका मी झोपेतही वाजवीन, त्यात काही नाही, तेव्हा डोक्यात उद्याच्या शिफ्टचा हिशोब चालू असतो. पण गवळण चढत जाते, टाळकरी उभे राहतात, लय दीडपट होते, आता लग्गी, म्हणजे ठेक्याचे जलद बोल, धरायची असते आणि उजव्या हाताची बोटं जरा आखडायला लागतात, तिथं, त्या दोन-तीन मिनिटांत, डोक्यातला हिशोब बंद पडतो. तेव्हा तुम्ही मला माझं नाव विचारलंत तर मला जरा विचार करायला लागेल. मशीनवर असं कधी झालं नाही असं नव्हे, एखाद्या अवघड जॉबला होतं, पण तिथं सुपरवायझर असतो.

आता कुणी म्हणेल मग रियाज म्हणजे सगळा आनंदच. नाही हो! अँडर्स एरिक्सन ह्यांनी १९९३ मध्ये बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवाल्या पोरांचा अभ्यास मांडला, त्यात पोरांनीच सांगितलं की एकट्यानं करायचा रियाज सुधारण्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे, पण मजेचा म्हणाल तर तेवढा नाही, त्यात कष्टच जास्त. मला हे वाचून बरं वाटलं, कारण घरात एकटा बसून 'धा तिरकिट' घासताना मला कधी देव दिसलेला नाही, पाठ दुखते फक्त. मग माणूस ते का करतो, तर पुढं कधीतरी ती पट्टी लागणार आहे हे माहीत असतं म्हणून.

आणि ही 'पुढं कधीतरी'ची वाट बघणं, हेच बहुतेक सगळ्याच्या बुडाशी आहे. कॅनडात माँट्रियलला २०११ मध्ये एक प्रयोग झाला. लोकांना त्यांच्या स्वतःच्या आवडीचं, ऐकून अंगावर काटा येतो असं संगीत आणायला सांगितलं आणि ते ऐकताना मेंदूत काय होतं ते यंत्रावर बघितलं. मेंदूत डोपामिन नावाचं एक रसायन असतं, हवीशी गोष्ट मिळताना सुटणारं, जेवताना वगैरे सुटतं तेच. काटा आला त्या क्षणी ते सुटलं, हे समजण्यासारखं. पण काटा यायच्या आधी, नुसत्या 'आता येणार, आता येणार' ह्या वाट बघण्यातही ते सुटलं, आणि मेंदूच्या वेगळ्या भागात. आपल्याकडं हे समजावायला प्रयोगशाळा लागत नाही, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, पुरेशी आहे. गायक आवर्तनभर कुठंही हिंडतो, सगळ्या सभेला माहीत असतं की हा परत तिथंच येणार, आणि तो आला की सगळ्यांच्या माना एकदम हलतात. वाट बघायला लावायची आणि मग द्यायचं, एवढाच धंदा. फरक एवढा की तो प्रयोग ऐकणाऱ्यांवर केलेला. वाजवणारा दोन्ही बाजूंना असतो, वाट बघायला लावणारा तोच आणि बघणारा पण तोच, त्यामुळं त्याचं काय होत असेल ते तुम्हीच समजा.

डार्विननं १८७१ मध्ये लिहिलं होतं की पक्षी मादीला भुलवायला गातात तसंच माणसाचं गाणं सुरू झालं असावं. असेल बुवा. आमच्या मंडळाचं सरासरी वय बघता मला हे इथं लागू पडत नाही एवढंच सांगतो. बाकी जर्मनीतल्या एका गुहेत गिधाडाच्या हाडाची बासरी सापडलीय, पस्तीस हजार वर्षांच्या वरची, बोटं ठेवायला पाच भोकं पाडलेली. शेती नव्हती, चाक नव्हतं, आणि कुणीतरी हाड घासत बसला होता. त्याच्या पुतण्यानंपण त्याला विचारलं असेल.

सोबत गाण्याचं मात्र वेगळंच आहे, इथं मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट सापडली. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये छापलेला अभ्यास आहे. मोठ्या माणसांचे नवे वर्ग काढले, काही गाण्याचे, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे, आणि सात महिने बघितलं की ही अनोळखी माणसं एकमेकांच्या किती जवळ येतात. सात महिन्यांनी सगळेच वर्ग जवळ आलेले. पण गाण्याचा वर्ग पहिल्यापासूनच जवळ आला, बाकीच्यांना वेळ लागला. म्हणजे ओळख नसताना, बोलणं नसताना, गाणं आधी माणसं जोडून देतं आणि ओळख मागनं येते. स्वीडनमध्ये २०१३ ला असंही बघितलं की समूहानं गाताना माणसांच्या हृदयाचे ठोके एकाच वेळी कमीजास्त व्हायला लागतात. ह्यात जादू नाही. ओळ जिथं संपते तिथंच सगळे श्वास घेतात आणि ठोका श्वासामागनं जातो.

आमच्या टाळकऱ्यांत दोन चुलतभाऊ आहेत. बांधावरनं भांडण, कोर्टात केस, नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, एकाच्या लग्नाला दुसरा गेला नाही. पण भजनात शेजारी शेजारी उभे. कारण दोघांचे टाळ एका मापाचे, जुळतात, तात्यांनी तशी जोडीच लावून दिलेली वीस वर्षांपूर्वी. अभंगाच्या शेवटी लय वाढली की दोघं एकमेकांकडं बघून पाऊल टाकतात, बघावंच लागतं, नाहीतर पाय चुकतो. भजन संपलं की दोन दारांनी दोघं बाहेर. त्यांना तुम्ही भजनाला का येता विचारलं तर दोघंही 'विठ्ठलासाठी' म्हणतील, आणि ते खरंच आहे, पण मला ते पुरं उत्तर वाटत नाही.

आणि आम्ही पडलो सीमेवरचे. १९५६ ला राज्यं भाषेवर लागली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, त्याचं पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहे, ते इथं काढत नाही. पण का गातो ह्याच्या उत्तरात ते येतंच. सरकारी कागद कन्नडमध्ये, दुकानाच्या पाट्या कन्नडमध्ये, पोरं शिकतात इंग्रजीत, मग मराठी मोठ्या आवाजात, सगळ्यांनी मिळून, पोटभर कुठं बोलायची? देवळात. काही माणसं आमच्याकडं अभंगाला येत नाहीत, अभंगातल्या मराठीला येतात. हे कुणी कबूल करणार नाही. पण गंमत अशी की त्याच देवळात सप्ताहात शेजारच्या गावचं कन्नड मंडळ येतं, कन्नड हरिदास संतांची पदं म्हणतं, तेव्हा मृदंग मीच धरतो, कारण त्यांचा मृदंगवाला वारला आणि विठोबा दोघांचा एकच. भाषा आपली म्हणून गाणं आणि दुसऱ्याच्या भाषेला ठेका देणं, ही दोन्ही कारणं एकाच रात्री एकाच माणसात असतात. मला त्यात काही अडत नाही. भाषणं करणाऱ्यांना अडतं.

इथं एक नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. बेळगावजवळचं सुळेभावी, १९२४ मध्ये तिथं शिवपुत्र कोमकळीमठ नावाचा मुलगा जन्मला, जगानं त्याला कुमार गंधर्व म्हणून ओळखलं. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून हुबेहूब तसंच गायचे. तेव्हा कारण काय असेल, तर जमतंय, लोक थक्क होतायत. पुढं मुंबईला गायनगुरू देवधरांकडं शिकले, नाव झालं, आणि ऐन पंचविशीच्या आतच क्षयानं गाठलं. देवासला जाऊन राहिले, गाणं बंद, पाच-सहा वर्षं नुसतं पडून. आता गाण्याचं कुठलंही बाहेरचं कारण उरलेलं नव्हतं. तर त्या पडून राहण्यात ते बाहेरनं ऐकू येणारी माळव्यातल्या बायाबापड्यांची गाणी ऐकत राहिले. बरे झाले तेव्हा एकच फुप्फुस धड काम करत होतं, पूर्वीसारखा लांब दम नाही, आणि जे गायला लागले ते आधीच्यापेक्षा निराळंच होतं, तुकड्या-तुकड्यांचं, श्वास मोडत जाणारं, लोकगाण्यातनं उगवलेलं. पहिलं कारण मेलं आणि दुसरं जन्मलं असं मला ते वाटतं. भीमसेनांचं उलट, त्यांना अकराव्या वर्षी अब्दुल करीम खाँसाहेबांची एक रेकॉर्ड ऐकून 'असं मला यायला पाहिजे' झालं आणि १९३३ मध्ये ते गुरू शोधायला घरातनं पळाले. ते एकच कारण त्यांना आयुष्यभर पुरलं असेल का, मला नाही वाटत.

शेवटी आजीबद्दल सांगतो, कारण ऐकायला कुणीच नसताना माणूस गातो तेव्हा काय, हा प्रश्न वरच्या एकाही प्रयोगात नीट बसला नाही. आमची आजी पहाटे चारला जात्यावर बसायची. वर मी झोपलेलो, मला वाटायचं ती देवाचं म्हणतेय. मोठं झाल्यावर कळलं, त्या ओव्यांत सासू होती, भाऊ न्यायला आला नाही ते होतं, एक पोर गेलं ते होतं. दिवसभर ज्या घरात ती एक शब्द बोलायची नाही त्या घराबद्दल पहाटे जात्याच्या घरघरीखाली सगळं बोलून घ्यायची. जातं एवढा आवाज करतं की शेजारच्या खोलीत शब्द कळत नाहीत, हे तिला पक्कं माहीत होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटेवाँ ह्यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडनं अशा लाखाच्या वर ओव्या गोळा केल्यात. लाखाच्या वर! टाळी नाही, बक्षीस नाही, माणसं नाहीत, प्रवाह बिवाह काही नाही, दळण आहे. दळणाला लय लागते म्हणून गाणं, आणि गाण्याच्या आडून बोलणं. गिरणी आली आणि बायकांचे हात वाचले, चांगलंच झालं, पण आजी नंतर कधी गाताना ऐकली नाही मी.

हे मी पुतण्याला सांगितलं. तो जरा वेळ गप्प, मग म्हणाला, ते दोनशे चौदा व्ह्यूजवालं आहे ना, ते तीन विषय राहिले त्या रात्री बनवलेलं, घरात अजून सांगितलं नव्हतं तेव्हा. बरं म्हटलं. वहिनीला सांगितलंस का? "सांगतो की," म्हणाला, आणि विषय बदलायला म्हणून की काय, म्हणतो, "काका, तुझ्या मृदंगाचा डाव्या बाजूचा तो घुमारा मला पाहिजे. नेटवर मिळतात ते सगळे प्लास्टिकसारखे वाटूलालेत."

मग रात्री दहाला पडवीत मोबाईल स्टुलावर ठेवून आम्ही बसलो. कणिक जास्त झाली तर आवाज बसतो, कमी झाली तर टणटण करतो, म्हणून थोडी थोडी लावत, पाणी फिरवत, थाप मारत. एकदा कुत्रं भुंकलं, एकदा बस गेली, एकदा सगळं बरोबर आलं तर ह्यानं रेकॉर्डचं बटणच दाबलेलं नव्हतं. सतराव्या वेळी त्यानं डोळे मिटून मान हलवली. तेवढ्यात आतनं हिचा आवाज आला, "मी झोपतो जातो, तुमचं चालू दे," आमच्याकडं बायकाही जातो-येतोच म्हणतात, "पण उद्याच्या डब्याची कणिक होती व ती, सगळी नका लावू ढोलक्याला."